चावी नसलेलं पाणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, एक लोखंडी झाकण होतं. पाण्याच्या पाळीच्या दिवशी हमीदचाचा तिथं यायचे. सायकल भिंतीला टेकवायची, झाकण बाजूला सारायचं, कमरेएवढी लांब लोखंडी चावी खड्ड्यात उतरवायची, आणि पाणी सोडलं की त्या चावीच्या आडव्या दांड्याला कान लावून डोळे मिटून वाकून उभं राहायचं. स्कूटरवाले त्यांना वळसा घालून जायचे. दोन-तीन मिनिटांनी चाचा डोळे न उघडताच म्हणायचे, "तिसऱ्या घरात मोटर चालू हाय." मग कुणीतरी तिसऱ्या घरात जाऊन बघायचं, तर खरंच नळाला मोटर लावून पाणी ओढणं चालू असायचं. एकदा ते तिसरं घर माझंच निघालं. त्या दिवशी मला राग आला नाही, भीतीच वाटली. जमिनीखालच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्याला हा माणूस नावानिशी ओळखत होता.

लातूरच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आठ-दहा दिवसांनी गल्लीची पाळी येते आणि ठरलेला वेळ झाला की पाणी बंद होतं. हे सोडणं-बंद करणं ज्याच्या हातात, तो वॉलमन. कलेक्टर कोण आहे हे लातूरकराला एखाद्या वेळी ठाऊक नसेल, पण आपला वॉलमन कोण हे शेंबडं पोरही सांगेल.

मी मूळचा नांदेडचा, गोदावरीच्या काठचा. पाण्याबाबत आम्ही नांदेडकर जरा शेफारलेलेच. शाळामास्तर म्हणून लातूरला आलो, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पाळीचा दिवस होता. होती नव्हती ती भांडी भरली आणि नळ तसाच सोडून पेपर वाचत बसलो. दार वाजलं. बघतो तर खाकी कपड्यांतला एक शेलाटा माणूस, बारीक कातरलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी आणि खांद्यावर ती भली थोरली चावी.

"मास्तर, नळ चालू हाय."

"हो, आहे."

"भांडी भरली?"

"भरली."

"मग?"

मी नांदेडच्या तोऱ्यात म्हणालो, "येतंय तर येऊ द्या की! आम्ही काय फुकट घेतो?"

ते चिडले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अनवाणी पायांनिशी मला चार गल्ल्या ओलांडून पलीकडे नेलं. ती आमच्या लाइनीवरची शेवटची गल्ली. तिथं एका नळासमोर आठ-दहा बायका घागरी लावून बसल्या होत्या आणि नळातून नुसती हवा फुसफुसत होती. चाचांनी माझं डोकं हळूच त्या तोटीजवळ नेलं. "ऐका. हे तुमच्या मोरीतलं पानी हाय. हितं ऐकू येऊन राहिलंय, पोचून न्हाई राहिलं." घागरीवाल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मुकाट घरी आलो आणि नळ बंद केला. त्या दिवसापासून आजवर माझ्या हातून नळ उघडा राहिलेला नाही.

चाचांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "चावी हातात हाय म्हनून पानी आपलं व्हत न्हाई." हे ते स्वतःला जितक्या वेळा ऐकवायचे तितकंच इतरांना. बड्या बड्यांचे निरोप यायचे, आज पाहुणे आहेत, आज पूजा आहे, अर्धा तास जास्त सोडा. चाचा चावी पुढं करायचे. "घ्या, तुमीच फिरवा. निस्तं त्या आधी शेवटच्या गल्लीत जाऊन सांगून या." ती चावी कुणीच हातात घेतली नाही. त्यांचं स्वतःचं घर आमच्या मागच्याच गल्लीत होतं आणि तिथंही ते मिनिटभर जास्त सोडत नसत. त्यांची बायको जैनबचाची मोठी बोलकी. ती आमच्या हिला सांगायची, "दिव्याखाली अंधार म्हनत्यात ना, ते आमचंच घर बगा. वॉलमनची बायको हाव, आन उसनं पानी मागून राहिले."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आदल्या वर्षी माझी आई गेली. पाळीचा दिवस होता. पाणी यायचं म्हणून सकाळीच टाकी रिकामी करून धुऊन ठेवलेली, पिंपं पालथी घातलेली. दुपारी पाणी आलं आणि त्याच वेळी आईचा श्वास लागला. मग कुणाला नळाची शुद्ध! आई गेली. रडारड झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, अंघोळ घालायला पाणी तरी भरा," तेव्हा मी भानावर आलो. बाहेर बघतो तर चाचा चावी घेऊन व्हॉल्व्हपाशी आलेले, बंद करायला. मी अनवाणीच धावत गेलो.

"चाचा, दहा मिनिटं! आई गेली माझी."

त्यांनी तोंडातल्या तोंडात दुवा म्हटली. त्यांचे डोळे भरून आले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "मास्तर, मागं शेवटची गल्ली हाय. बारा दिवस झाले तिला." आणि चावी फिरवली. एकेक वेढा, सावकाश. मी बघत राहिलो.

मी माणूस तापट. तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "तुमच्या घरातून कुणी जाईल ना, तेव्हा कळेल तुम्हाला." चाचांनी मान खाली घातली, चावी खांद्यावर टाकली आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे गेले. आईच्या अंघोळीचं पाणी गल्लीतल्या घराघरातून तांब्या-तांब्यानं गोळा झालं. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. ते समोरून आले की मी रस्ता बदलायचो. ते मात्र दर पाळीला माझ्या घरावरून जाताना चालीत किंचित थांबायचे, आणि मी दार लावून घ्यायचो.

मग जैनबचाची गेली. खोटं कशाला सांगू, मी भेटायला गेलो तो थोडा मनातला काटा घेऊनच गेलो. अंगणात माणसं जमलेली. मयतीला गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, द्यायची होती आणि घरात पाणी बेताचं. चावी दाराच्या चौकटीला टेकवून ठेवलेली. त्यांचा मेहुणा म्हणत होता, "अरे हमीद, चावी तुझ्या घरात हाय. जा, सोड की दोन मिनटं. कोन इचारतंय?" चाचा पाटावर बसले होते. ते चावीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मग म्हणाले, "आज ह्या गल्लीची पाळी न्हाई. तिला म्हाईत हाय. ती रागवायची न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला. मी जे शाप म्हणून बोललो होतो ते अक्षरशः समोर घडलं होतं, आणि तो माणूस तसूभर हलला नव्हता. मी तसाच घरी आलो, पिंपातल्या पाण्याचे दोन कॅन भरले, दोन्ही हातांत धरून त्यांच्या अंगणात नेऊन ठेवले. चाचांनी वर बघितलं. मी म्हणालो, "चाचा, चुकलो." त्यांनी फक्त माझ्या ओल्या हातावर हात ठेवला.

पुढे ते निवृत्त झाले. चावी नव्या वॉलमनकडे गेली. पण पाळीच्या दिवशी ते अजूनही त्या लोखंडी झाकणापाशी येऊन उभे राहायचे, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायचे. एका संध्याकाळी टीव्हीवर महाबळेश्वरचा पाऊस दाखवत होते. दरीत पाण्याचे लोटच्या लोट कोसळत होते. चाचा ताडकन उभे राहिले. "ह्ये कुठं चाललंय?"

"कुठं जाणार? वाहून जातंय."

"कुनी बंद करत न्हाई?"

"कोण बंद करणार, चाचा? डोंगराचं पाणी ते."

ते खाली बसले. म्हणाले, "मास्तर, जिथं पानी बंद करावं लागत न्हाई असं गाव असंल, तर मी छत्तीस वर्सं काय केलो? तुमच्या आईचा तो दिवस माझ्या मनातून जाऊन न्हाई राहिला. मला ते गाव एकदा बगायचं हाय. बगून ठरवतो, मी बरोबर केलो का चूक."

मी शिक्षक, सुट्ट्यांचा हिशेब मला तोंडपाठ. एसटीचा चार दिवसांचा पास निघतो, 'आवडेल तेथे प्रवास'. गणपती उठल्यावर चार दिवस जोडून आले तसे आम्ही दोघांनी स्टँडवर जाऊन फोटो चिकटवून पास काढले. ज्या गाडीत बसावंसं वाटेल तिच्यात बसायचं, जिथं वाटेल तिथं उतरायचं, हे चाचांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "म्हंजे पाळी न्हाई?" नाही. "कुनाला इचारायचं न्हाई?" नाही. त्यांनी पास दोन्ही हातांत धरून उलटासुलटा बघितला. "म्हंजे चार दिवस वॉल खुल्ला!" मग तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला आणि परत येईपर्यंत उतरवला नाही. कंडक्टर जवळ आला की ते उठून उभे राहून पास दाखवायचे. कंडक्टर म्हणायचा, "बसा बाबा, दिसतोय गळ्यात." तरी त्यानं तो पूर्ण वाचेपर्यंत ते बसायचे नाहीत.

एक खोड मात्र जिरली नाही. गाडी लागली की स्टँडवरची माणसं दारावर तुटून पडतात. चाचा बाजूला उभे राहून सगळ्यांना आधी चढू द्यायचे. "जाऊ द्या, जाऊ द्या, शेवटच्याला बी जागा लागती." शेवटचे अर्थातच आम्ही दोघं. सोलापूर ते सातारा निम्मी वाट आम्ही दांड्याला लटकून काढली. मी चडफडत होतो. "चाचा, पास आवडेल तिथं प्रवासाचा आहे, आवडेल तिथं उभं राहायचा नाही." ते हसले, पण पुढच्या स्टँडवर पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी वाईहून पसरणीचा घाट चढायला लागलो तेव्हा कॉलेजच्या एका मुलीनं उठून त्यांना खिडकी दिली. लातूरच्या सपाट काळ्या रानात जन्म काढलेला माणूस. गाडी वळण घेत वर चढू लागली, खाली वाई आणि कृष्णेचं पात्र लहान लहान होत गेलं, आणि चाचांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, गाडी लागली. ते माझ्या कानाशी येऊन घाबरून म्हणाले, "मास्तर, माझे कान गेले."

उंचीनं कान दडतात, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ज्या माणसाची सगळी विद्या कानात, त्याचे कान बंद! मी म्हणालो, आवंढा गिळा. ते गिळत राहिले. पाचगणीच्या अलीकडे कुठेतरी त्यांचे कान सुटले, आणि तो क्षण मी कधी विसरणार नाही. बाहेर धुकं होतं, रस्त्याकडेच्या प्रत्येक कपारीतून पाणी झिरपत होतं, पन्हळी वाहत होत्या. चाचांचं तोंड उघडंच राहिलं. "या अल्ला," ते हळूच म्हणाले, "सगळीकडनं येऊन राहिलंय." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

महाबळेश्वरला त्या दिवसांत पर्यटक कमी आणि धुकं जास्त. आसपासच्या खेड्यांना जाणाऱ्या गाड्यांत बसायचं, वाटलं की उतरायचं, चालायचं, पुढची गाडी आली की चढायचं, असे आम्ही हिंडलो. एका पॉइंटला पोचलो तर समोर कापसाचा ढीग लावल्यासारखं नुसतं पांढरं. सहल काढून आलेले लोक चुकचुकत परत निघाले होते. मीही वैतागलो. चाचांनी कठड्याच्या लोखंडी नळीवर कान ठेवला, डोळे मिटले. पाच मिनिटांनी म्हणाले, "खाली लई मोठं पानी हाय. तीन ठिकानी पडून राहिलंय. दोन मोठे, येक बारीक. बारीकवालं डाव्या बाजूला."

"उगाच काही तरी!"

आम्ही थांबलो. वारा आला, धुकं फाटलं, आणि दरी उघडली. मी डोंगर बघितलेला माणूस, पण इतकी खोल, इतकी हिरवी दरी मी बघितली नव्हती. समोरच्या कड्यावरून तीन धारा कोसळत होत्या. दोन जाड, एक बारीक, डावीकडे. दरीला हात जोडावेत की शेजारी उभ्या असलेल्या या म्हाताऱ्याला, ते कळेना. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तेही त्यांनी बंद केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, रात्री मुक्काम केलेल्या खेड्यातून फाट्यावर आलो. तिथून दहाच्या सुमाराला साताऱ्याची गाडी जायची. ती पकडली तर पासाची मुदत संपायच्या आत लातूर गाठता येणार होतं. चाचांनीच तसं बजावलेलं: "येळ झाला की बंद. पास संपल्यावर येक गाव बी जायचं न्हाई." फाट्यावर एक चहाची टपरी, आणि टपरीमागं डोंगराच्या पोटातून एक लोखंडी नळी बाहेर आलेली. तिच्यातून मनगटाएवढी धार सारखी पडत होती. खाली भांडं नाही, कुणी माणूस नाही. पाणी पडतंय आणि उताराला लागून जातंय.

मी चहा सांगायला वळलो. परत बघतो तर चाचा नळीच्या भोवती वाकून वाकून काही शोधत होते. झुडपं बाजूला सारून बघितली, दगड हलवून बघितले. व्हॉल्व्ह शोधत होते! तो कुठे सापडणार? शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी खिशातली दस्ती काढली, तो रुमाल एका काटकीला गुंडाळला आणि खटाककन नळीच्या तोंडात ठोकून बसवला. धार थांबली. छत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी घड्याळात बघितलं आणि समाधानानं हात झटकले.

दोन मिनिटं गेली असतील. टपरीच्या मागच्या दगडांतून भळाभळा पाणी उसळलं, थेट टपरीत शिरलं आणि चूल फुस्स करून विझली. टपरीवाली मावशी उलथनं घेऊनच बाहेर आली.

"आवो बाबा! काय केलंत ह्ये? डोंगराला बोळा घालताय व्हय?"

चाचांनी घाईघाईनं दस्ती ओढून काढली. धार पुन्हा सुरू झाली. ते हात जोडून म्हणाले, "बहन, माफ करा. पानी वाया जाऊन राहिलं व्हतं. मला दिसंना कुठं बंद करायचं."

"कुठलं तुमी?"

"लातूरचे."

मावशीनं उलथनं खाली केलं. एकदा माझ्याकडे, एकदा गळ्यातल्या पासाकडे बघितलं आणि ती हसत सुटली. "मंग बरूबर हाय. बसा, च्या करते. चूल मातूर तुमी पेटवायची."

चाचा चुलीत फुंकर घालत होते. डोळ्यांत धूर गेलेला. त्यांनी विचारलं, "बहन, ह्ये बंद व्हतंच न्हाई कधी?"

"बंद न्हाई व्हत. पर चैत-वैशाखात निस्ती करंगळीयवढी धार ऱ्हाती. तवा सगळं गाव हितंच. आमी पाळ्या लावतो."

फुंकणी चाचांच्या हातातच राहिली. "पाळ्या? हितं?"

"न लावून कसं भागंल? पयला हंडा वरल्या वाडीचा. त्येस्नी लांबनं यावं लागतं, डोंगर उतरून. मंग खालच्या आळीचा. आमची टपरी सगळ्यात मागनं, आमी जवळ ऱ्हातो न्हवं."

चाचा उठले. सावकाश धारेपाशी गेले, ओल्या चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्या लोखंडी नळीला कान लावला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, हितं बी शेवटची गल्ली हाय." ज्या प्रश्नासाठी ते घाट चढून आले होते त्याचं उत्तर त्यांना त्या धुरकट टपरीत मिळालं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून किती वर्षांचं ओझं उतरलं ते मी समोर बघत होतो.

तेवढ्यात वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. साताऱ्याची गाडी. मी पिशव्या उचलल्या. "चला चाचा, वेळ झाली." ते हलले नाहीत. गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "सातारा! येताय का, बाबा?"

चाचांचा कान नळीला चिकटलेला, डोळे मिटलेले. ते म्हणाले, "दहा मिनिटं, मास्तर."

मी जागच्या जागी उभा राहिलो. तेच शब्द. गल्लीच्या तोंडाशी अनवाणी उभा राहून मी बोललो होतो तेच. हातात पिशव्या, पुढं गाडी, आणि आज चावी माझ्याकडे. मी कंडक्टरला हात केला. "जाऊ द्या." डबल बेल वाजली आणि गाडी धुक्यात गेली.

बऱ्याच वेळानं चाचांनी डोळे उघडले. "गाडी गेली?"

"गेली."

"तुमी बंद केलं न्हाई."

"नाही केलं," मी म्हणालो. मला वाटलं, आता मी त्यांच्यापेक्षा मोठा झालो. थोडी छाती फुगलीही असेल.

चाचांनी गुडघ्यांचा चिखल झटकला, माझ्या खांद्याचा आधार घेत उठले आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुमच्या मागं रांग नव्हती मास्तर, म्हनून जमलं."

माझी छाती जागेवर आली. त्यांनी मला टोमणा मारला नव्हता. ती तीन वर्षं माझ्या दारावरून जाताना जे त्यांना सांगायचं होतं आणि मी दार लावून घेत होतो म्हणून राहून गेलं होतं, तेवढंच त्यांनी सांगितलं. आई गेल्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा मी मोकळेपणी रडलो, त्या टपरीवर, मावशीच्या देखत. मावशीनं काही न विचारता चहाचा पेला पुढं सरकवला.

पुढची गाडी दुपारी मिळाली. सोलापुरात पोचेपर्यंत पासाची मुदत संपली. तिथं चाचांनी गळ्यातून पास काढला, कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि लातूरची तिकिटं काढायला स्वतः खिडकीशी गेले. मी झऱ्याच्या पाण्याची एक बाटली भरून आणली होती. त्यांनी ती बघितली आणि नापसंतीनं मान हलवली. "ते तिथल्या बायांच्या पाळीचं व्हतं."

परत आल्यावर चाचा शांत झाले. एवढंच नवीन, की ते दर पाळीला एक निळं पिंप घासून, ताज्या पाण्यानं भरून, तोंडाला फडकं बांधून कोठीच्या खोलीत ठेवायचे. पुढच्या पाळीला ते पाणी झाडांना, भांड्यांना वापरायचं आणि पिंप पुन्हा भरायचं. मी म्हणायचो, म्हातारपणी साठवायची हाव सुटली वाटतं! ते हसायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी चाचा गेले. नमाजाला उठले आणि बसल्या जागीच गेले. त्या दिवशी पाळी त्यांच्या गल्लीची नव्हती, शेवटच्या गल्लीची होती. नवा वॉलमन मोटारसायकलवरून घाईघाईनं आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "चाचांसाठी मी सोडतो पाणी. बघू कोन काय म्हनतंय!" सगळी गल्ली म्हणाली, सोड. माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. तेवढ्यात चाचांची लेक शबाना कोठीतून बाहेर आली. "भाऊ, वॉल सोडू नका. अब्बानी स्वतःचं पानी भरून ठेवलेलं हाय." तिनं दार उघडलं. आत ते निळं पिंप होतं, काठोकाठ भरलेलं, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं.

नव्या वॉलमननं डोळे पुसले, घड्याळात बघितलं आणि चावी घेऊन निघाला. त्याच्या मागोमाग मीही गेलो. त्यानं गल्लीच्या तोंडाशी झाकण बाजूला सारलं, पुढं जाणाऱ्या मोठ्या नळीवर चावी उतरवली, शेवटच्या गल्लीचं पाणी सोडलं. मी म्हणालो, थांब जरा. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या चावीच्या आडव्या दांड्याला कान लावून मी डोळे मिटले. आधी काहीच ऐकू येईना. मग लोखंडातून एक थरथर आली, आणि तिच्या मागून पाणी. आमच्या घरावरून, चाचांच्या घरावरून, कुठेही न थांबता ते पुढं चाललं होतं.